नये

चाळीस वर्षं मी ह्या शहराला दटावतोय,
दुसऱ्यांच्या पैशानं.
येथे बसू नये. फुले तोडू नयेत.
बेल एकदाच वाजवावी, उत्तर न आल्यास परत जावे.
(पुण्यात हुकूमसुद्धा विध्यर्थात, तेवढीच सभ्यता.)
रविवार पेठेपासून पार कर्वेनगरपर्यंत
भिंतीभिंतीवर माझं अक्षर,
आणि एकातही माझं म्हणणं नाही.

रात्री मात्र पाठकोऱ्या कागदांवर
मी एक गाव लिहितो.
पृथ्वीपासून तीन पिढ्यांच्या अंतरावर, काचेच्या घुमटाखाली.
तिथे जाताना यानाचं वजन कमी करायला
लोकांनी आधी राजदंड फेकले, मग शिक्के,
शेवटी व्याकरणातला आज्ञार्थ.
कर, जा, ऊठ, थांब,
सगळं मधल्या अंधारात सोडून दिलं.

सोपं वाटलं होतं. पहिल्याच पानावर अडलो:
आई पोराला जेवायला बोलावणार कशी?
आतून शकू म्हणाली, "पानं घेतलीत."
म्हटलं, आलो, पण ती आई कशी...
"पानं घेतलीत, म्हणेल. आणखी काय म्हणायचं असतं?"
आमटी निवली त्या दिवशी.

सहा प्रकरणं झाली.
कुणाच्याच कमरेला किल्ल्या न देता
पाणी पोचलं, भांडणं मिटली. काही नाही मिटली:
दोन घरं अजून एकमेकांशी बोलत नाहीत
आणि बोला म्हणायला कुणी नाही.
सातव्यात घुमटाला चीर गेली.
हवा चाललीय. दार लागायला हवंय, आत्ता,
आणि ओरडायला क्रियापदाचं रूप नाही.

अकरा वर्षं ती माणसं तशीच उभी,
माझ्या ट्रंकेत, श्वास धरून.
इकडे फ्लेक्स आले, निम्मी कामं गेली,
हात थरथरायला लागला, तो मात्राच्या वळणात लपवतो.

मग गेल्या मार्गशीर्षात, एरंडवण्यात,
सोसायटीचे सेक्रेटरी गुपचूप
(आडनाव हे, आवाज मंडईतला)
खालून सांगत होते, अक्षर मोठं करा, 'सक्त' लाल करा,
आणि शिडीचा पाय सरकला.
मला 'धर' म्हणायचंही सुचलं नाही.
इलियासचा आवाज आला:
"धरलीय, चाचा."
धरलीय. कुणी सांगायच्या आधी.
गुपचूप अजून "धरा, धरा" करत होते,
खिशात हात घालून.

त्या रात्री घुमटातली एक पोरगी,
जिला मी नावही दिलं नव्हतं,
म्हणाली, "मी दाराकडे निघालेय."
बाजूचा म्हातारा म्हणाला, "बिजागरी माझ्याकडे."
तिसरा काही बोललाच नाही, तो पळत होता.
दार लागलं का, ते अजून लिहिलेलं नाही.
चीर मोठी आहे.

सकाळी पुन्हा ब्रश. पोट आहे, नये लिहावंच लागतं.
फक्त एक करतो, कुणाला सांगितलं नाही, इलियासलाही:
'न'चा रंग कालवताना
टर्पेंटाइन जरा सढळ हातानं.
दोन उन्हाळे पुरतात.
(नयेत असलं की जमत नाही. फुलांचं माझ्या हातात नाही.)

परवा कर्वे रस्त्यामागच्या एका कट्ट्यावर पाहिलं,
न उडून गेलाय.
येथे बसू   ये
आणि खाली दोघं, एकच कणीस
आळीपाळीनं खात.

ये. हाही आज्ञार्थच, कळतं मला.
एवढा एक घुमटात असू द्यावा का,
शकूला विचारणार आहे.